हालचाल: जुनी की चालू

मी उतार वाचते, असं एखाद्या लग्नात सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "सातबाराचा का? आमचं एक काम होतं बघा तलाठ्याकडं." मग सांगावं लागतं, की बाई, तो उतारा. माझा उतार. डोंगराचा. तो जागेवर राहील का, खाली येईल का, आलाच तर कुणाच्या घरावर येईल, हे बघायचं माझं काम. एवढं सांगूनही शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "मग बोअरला पानी कुठं लागतंय ते सांगता का?" भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाचा आमच्या नांदेड-लातूरकडं दुसरा काही उपयोग असेल, हे कुणाला पटतच नाही. मी चिडते. निवृत्त झाल्यावर माझा स्वभाव निवळेल असं घरच्यांना वाटत होतं. तेही चुकले.

माझी नोकरी सगळी कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या घाटांत गेली. निवृत्तीनंतर बोलावणी येऊ लागली ती प्रशिक्षणासाठी. रस्त्याचे अभियंते, पाटबंधाऱ्याची माणसं, कधी ग्रामसेवक, यांना पाच दिवसांत उताराकडं बघायला शिकवायचं. खरं सांगते, हे काम मला नोकरीपेक्षाही आवडतं. सकाळी जी चोवीस माणसं डोंगराकडं नुसता डोंगर म्हणून बघत असतात, तीच संध्याकाळी "मॅडम, ती बघा भेग, तिथं बघा ओल" करत माझ्यापुढं पळतात. तेव्हा माझे गुडघे दुखायचे थांबतात.

परवाच्या पावसाळ्यात असंच बोलावणं आलं आणि ते होतं अहमदपूरचं. माझं माहेर नायगाव. इतकी वर्षं परमुलखातले डोंगर तपासले, आता आपल्या मुलखातला तपासायचा, म्हणून मी हरखून गेले होते. विश्रामगृहावरच्या खानसाम्यानं पहिल्याच दिवशी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "मॅडम, दरडीची ट्रेनिंग आन् अहमदपुरात? हितं दरड कुठून आनता?"

त्याचंही बरोबर होतं म्हणा. बालाघाटाचे डोंगर सह्याद्रीपुढं बुटकेच. पण इथं काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या गेरूचा एक थर असतो. कोरडा असतो तोवर तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाणी मुरलं की साबणाच्या वडीसारखा निसरडा होतो आणि वरचा सगळा दगड-मुरूम त्याच्यावरच बसलेला असतो. त्यात आपण रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापून घेतलेला. मग डोंगर उंच आहे की बुटका, याला काही अर्थ राहत नाही. खाली माणूस बसलेला असला की पुरे.

आमच्या हातात पाहणीचा एक तक्ता असतो. उताराची उंची, दगड, पाणी, झाडं, खालची वस्ती, असे पुष्कळ रकाने. त्यात माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना एकच, 'हालचाल: जुनी / चालू'. डोंगर कधीकाळी सरकला आणि आता निवांत बसलाय, तर 'जुनी' वर खूण करायची. आजही सरकतोय, तर 'चालू' वर. जुनी असेल तर कागदावर नोंद पुरते. चालू असेल तर त्याच दिवशी खालची माणसं उठवावी लागतात. आणि माझा एक दंडक आहे, गावातल्या माणसानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. हा दंडक मी वर्गात टेबल आपटून सांगते.

मंगळवारी आम्ही घाटात गेलो. कुठला घाट ते लिहीत नाही, तिथल्या माणसांना आधीच पुरेसा ताप झालाय. घाटाच्या वळणावर, कापलेल्या उताराच्या पायथ्याला महादप्पांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी, भट्टी आणि मागं राहायच्या दोन खोल्या. खोल्यांच्या मागं दगडी संरक्षक भिंत, भिंतीच्या वर उतार आणि उतारावर एक मोठा लिंब. कडुनिंबाला आमच्याकडं लिंबच म्हणतात. अप्पांनी सगळ्यांना बसवून घेतलं, गरम भजी खाऊ घातली, आणि त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, भांडी घासता घासता आमच्यातल्या अनुजाला माहिती दिली. अनुजा ही पुण्याकडची सहायक अभियंता, नुकतीच बदलून आलेली. कष्टाळू पोरगी. तिनं एकेक शब्द लिहून घेतला.

वर उताराच्या माथ्यावर आम्हाला हुसेनभाईंनी नेलं. ते त्या रस्त्याचे मैलकुली, म्हणजे रस्त्याची राखण करणारा, खड्डे भरणारा, गवत काढणारा माणूस. माथा एकदम साफ. भेग नाही, काही नाही. मी मुलांना म्हणाले, बघा, असा माथा ठेवावा. हुसेनभाई लाजून हसले. खाली आल्यावर अप्पांनाही सांगितलं, ठीक दिसतंय.

बुधवारी दिवसभर पाऊस लागला. संध्याकाळी मी तक्ते तपासले. अनुजाच्या तक्त्यात लिहिलं होतं, "हॉटेलमधील महिलेच्या सांगण्यानुसार: लिंब वाकून राहिला आहे. वाळवणीची दोरी ढिली पडून राहिली आहे." आणि पुढं 'जुनी' वर खूण. वाकलेलं झाड, पडून राहिलेली दोरी, माथ्यावर भेग नाही. मला पटलं. मी खाली सही ठोकली आणि कोपऱ्यात 'छान' असंही लिहिलं.

गुरुवारी सकाळी सातला नायगावहून माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन आला. "अक्का, काय करून राहिलीस?"

"काही नाही गं," मी चहाचा घोट घेत म्हणाले, "तक्ते तपासून राहिले."

आणि कप तसाच खाली ठेवला.

तपासून राहिले म्हणजे? तपासून झाले आणि आता बसून आहे, असं नाही. तपासतेय. या घडीला. आमच्याकडं एखादं काम चालू असलं की माणूस असंच बोलतो, येऊन राहिलो, जेवून राहिलो, पाऊस पडून राहिला. पुण्याच्या माणसाला 'वाकून राहिला' म्हणजे वाकला आणि तसाच राहिला. शिवकांताबाईंचा 'वाकून राहिला' म्हणजे वाकतोय. रोज. आत्ताही.

अनुजाला कसा दोष देऊ? तिनं दंडक पाळला होता. मला मात्र हे कळायलाच हवं होतं, मी याच भाषेत बोलायला शिकले. पण पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या 'करून राहिले'ची नक्कल करायच्या. नायगावच्या बौद्धवाड्यातून आलेली मी एकटी. जेवायला बसले की एखादी विचारायची, "काय जेवून राहिलीस?" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. वर्षभरात मी ते बोलणं जिभेवरून खरवडून काढलं. सुमनशी बोलताना तेवढं येतं. इतक्या वर्षांत त्याचं मला वाईटही वाटलं नव्हतं, उलट माझं मराठी कसं स्वच्छ, याचा तोरा होता.

"सुमन, ठेव फोन," म्हणाले आणि अनुजाचं दार वाजवलं. "वाकून राहिला म्हणजे काय समजलीस?"

"वाकलेला आहे, मॅडम."

"वाकतोय, बाई. वाकतोय."

तिचा चेहरा उतरला. "पण मॅडम, तुम्ही सही…"

"केली. चल, बूट घाल."

अर्ध्या तासात सगळी फौज बसमध्ये होती. आणि वाटेत ध्यानात आलं, गुरुवार, घाटाखालच्या गावाचा बाजार. बाजाराला जाणाऱ्या जीपा, टमटम, एसटी, सगळं अप्पांच्या हॉटेलासमोर थांबतं. आम्ही पोचलो तेव्हा भाजीवाल्या बायका पाट्या उतरवून चहा पीत बसल्या होत्या. तीस-चाळीस माणूस तर सहज असेल.

मी थेट शिवकांताबाईंकडं गेले. "काकू, ती दोरी दाखवा."

लिंबाच्या खोडापासून हॉटेलाच्या खांबापर्यंत धुणं वाळवायची नायलॉनची दोरी होती. काकू म्हणाल्या, "पोळ्याच्या टायमाला म्या ताठ बांधली. तवापासून लिंब हिकडं येऊन राहिला आन् दोरी ढिली. लुगडं चिखलात लोळतंय. मी आखडून राहिले, तो येऊन राहिला." खांबाकडच्या बाजूला दोरीचं शेपूट लोंबत होतं आणि त्यावर सोडलेल्या जुन्या गाठींच्या वळ्या तशाच होत्या. मी बोटांनी मोजल्या. पहिल्या दोन वळ्यांमध्ये एका बोटाचं अंतर, मग दोन बोटांचं, मग चार. शेवटची गाठ, काकू म्हणाल्या, आज सकाळची. आमच्या धंद्यात उतारावर महागडी यंत्रं बसवतात ती हेच सांगायला, की सरकण्याचा वेग वाढतोय. या बाईनं ते लुगडी वाळवता वाळवता करून ठेवलं होतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण वेग असा वाढायला लागला की फार दिवस उरलेले नसतात.

"हुसेनभाई, माथ्यावर भेग होती का कधी?"

"भेग तर पहिल्यापासून हाय मॅडम. मी दर हफ्त्याला बुजवून राहिलो ना. तुमी येनार म्हनून सोमवारी ताजा मुरूम टाकला. भेग दिसली की साहेब लोक नाराज होतेत."

मी डोक्याला हात लावला. ज्या माथ्याचं मी मुलांसमोर कौतुक केलं होतं, त्या माथ्यावरची धोक्याची एकमेव खूण या इमानदार माणसानं दर आठवड्याला पुसून टाकली होती.

आता अप्पांना उठवायचं. अप्पा भट्टीपुढं उभे, कढईत भजी सोडत होते. धिप्पाड माणूस, कपाळाला भस्म, आवाज घाटात घुमेल असा. मी सांगितलं, अप्पा, आत्ताच्या आत्ता हॉटेल रिकामं करा. ते हसले. "मॅडम, तीस वर्सं हाय मी हितं. परवा तुमीच म्हनलात, ठीक हाय. आता दोन दिसात काय झालं?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "अप्पा, पाऊस झाला ना काल." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

"बाजाराच्या दिशी भट्टी विझवायची? न्हाई जमनार."

"म्या महिनाभर बोंबलून राहिले," आतून काकू म्हणाल्या. अप्पांनी तिकडं लक्षच दिलं नाही.

मग मी माझी पेटी उघडली. आमच्याकडं काचेच्या पातळ पट्ट्या असतात. भिंतीच्या चिरेवर आडवी पट्टी प्लास्टरनं घट्ट चिकटवायची. भिंत हलली नाही तर काच शाबूत. केसभर जरी हलली, तरी काच तडकते, कारण काचेला ताणणं माहीत नसतं. मागच्या भिंतीला एक तिरपी चीर होती. त्यावर पट्टी लावली. अप्पा बघत होते. "ही तर वाऱ्यानंबी फुटल," ते म्हणाले. म्हणून चार हात पलीकडं, चीर नसलेल्या दगडावर तशीच दुसरी पट्टी लावली. "वाऱ्यानं फुटल्या तर दोन्ही फुटतील, अप्पा. चिरेवरची एकटीच फुटली तर?"

अप्पांनी झारा खाली ठेवला. "तर उठतो. महादेवाची आन."

प्लास्टर वाळेपर्यंत मी रस्त्याच्या साहेबांना फोन लावला. रस्ता बंद करा म्हटलं. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, लेखी अहवालात तर स्थिर लिहिलंय. तुम्ही ट्रेनिंगला आलात, ट्रेनिंग करा." कालच संध्याकाळी तक्त्यांचे फोटो त्यांना धाडले होते, मीच.

बरं. ट्रेनिंग तर ट्रेनिंग. मी चोवीस जणांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की आजचं प्रात्यक्षिक आहे घाट रिकामा करणं. बारा जण वरच्या वळणावर, बारा खालच्या. एकही वाहन आत सोडायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं परीक्षा चालू आहे, मार्क आहेत. हुसेनभाईंनी आपली डांबराची रिकामी पिंपं रस्त्यात आडवी टाकली आणि लाल झेंडा रोवला. "साहेबानं विचारलं तर?" त्यांनी विचारलं. "सांगा, मॅडमनी परीक्षा घेतली." हुसेनभाई एवढे खूष झाले की त्यांनी दुसरा झेंडाही आणला. भाजीवाल्या बायकांना अनुजानं पाट्यांसकट खालच्या वळणावर नेलं. एक म्हातारी तिला विचारत होती, "पास झालीस तर पेढे देशीन का?" माझी नजर सारखी उताराकडं जात होती, आणि तरी मला सांगितलं पाहिजे की इतका उत्साह मला नोकरीतल्या कुठल्याही दिवशी वाटला नव्हता.

अप्पा मात्र भिंतीपुढं स्टूल टाकून काचेकडं बघत बसले. मीही बसले, भिंतीपासून लांब, आणि त्यांना लांब या म्हणून सांगून थकले. अकरा वाजले. बारा वाजले. खालच्या वळणावरून हॉर्न ऐकू येत होते. साहेबांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. अप्पा म्हणाले, "मॅडम, भज्याचं पीठ आंबून जाईल." मला वाटू लागलं, हसं होणार आपलं.

सव्वा वाजता टिच असा बारीक आवाज आला. नखानं नख मोडावं एवढाच. चिरेवरची पट्टी मधोमध तडकली होती. दुसरी तशीच्या तशी. अप्पा वाकले, त्या तड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, आणि भट्टीवर पाण्याची बादली ओतली.

मग जे सापडेल ते उचललं. काकूंचं गाठोडं तर सकाळपासून बांधून तयारच होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. पण मोठी कढई, भट्टी, बाकडी, पत्रे, हे सगळं काढायला दिवस लागला असता आणि मी कुणाला दुसऱ्यांदा आत जाऊ दिलं नाही. अप्पा देवाची तसबीर काढायला वळले तर मी त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं. एवढा मोठा माणूस, पण ऐकलं त्यांनी.

पावणेचारला लिंब हलला. वारा नव्हता. आधी तो नमस्कार केल्यासारखा पुढं झुकला, मग मागची भिंत फुगली, आणि मग अख्खा उतार एकदम निघाला, आवाज मागून आला. मी वळणावरून ओरडत होते, "माथा बघा, वर तांबडा थर उघडा पडलाय तो बघा." आयुष्यभर पडून गेलेल्या दरडी तपासल्या, पडताना पहिल्यांदा बघत होते, आणि मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. मग धूळ बसली आणि शेजारी काकू गाठोड्यावर बसलेल्या दिसल्या. जिथं त्यांचं घर होतं तिथं लाल चिखलाचा ढीग होता आणि त्यातून पत्र्याचं एक टोक वर आलं होतं.

माणूस एकही गेला नाही. शुक्रवारी गावानं मारुतीच्या पारावर आमचा सत्कार ठेवला. साहेबही आले, आणि परीक्षेची कल्पना आपलीच असल्यासारखे बोलले. अप्पा भावाच्या घरी राहायला गेले होते, तिथून आले, आणि त्यांनीच माझ्या अंगावर शाल घातली. "मॅडमच्या नजरंनं आमी वाचलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. टाळ्या पडल्या. मला ती शाल टोचत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी अप्पांच्या भावाच्या घरी गेले. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी पर्समधून तो तक्ता काढला आणि सरळ सांगितलं, की तुम्ही मंगळवारीच सगळं सांगितलं होतं. ते आमच्याकडं लिहिलेलं होतं. तरी मी धोका नाही म्हणून सही केली. तेव्हाच उठवलं असतं तर भट्टी, पत्रे, तसबीर, सगळं निघालं असतं.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मला वाचता येत न्हाई. वाचा बरं काय लिवलंय."

मी वाचलं. "लिंब वाकून राहिला आहे. दोरी ढिली पडून राहिली आहे."

"आन् म्होरं?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. "मी बोलले तसंच हाय की. त्या पोरीनं बरोबर लिवलं." मग त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, "मग तुमाला समजलं कामून न्हाई? तुमीबी तिकडच्याच का, पुण्याच्या?"

"नाही," मी म्हणाले. "नायगावची."